वारजे येथील सदनिका भाड्याने देण्यासाठी एजंटला कुलमुखत्यारपत्र द्यावे का?

प्रश्न : वारजेकर

नमस्कार. पुण्यात वारजे येथे माझ्या आणि पत्नीच्या संयुक्त नावावर एक टू बीएचके सदनिका आहे. नोकरीमुळे आम्ही दोघे बेंगळुरूला राहतो. आईवडील साताऱ्याला असतात, परंतु भाडेकरू पाहणे, गळणारा नळ दुरुस्त करून घेणे, सोसायटीच्या कार्यालयात कागद नेऊन देणे यांसाठी त्यांना या वयात वारंवार पुण्याला पाठवणे आम्हाला बरे वाटत नाही. आजवर त्या घरात नात्यातलेच एक कुटुंब राहत होते, त्यामुळे एजंट, अनामत, करारातील अटी या गोष्टींशी आमचा फारसा संबंध आला नाही. ते कुटुंब दिवाळीनंतर स्वतःच्या घरात राहायला जात आहे आणि या वेळी घर एजंटमार्फत द्यावे असा विचार आहे.

परिसरातील एका एजंटने दोन प्रकारे काम करण्याची तयारी दाखवली आहे. पहिल्या प्रकारात तो केवळ भाडेकरू आणून देईल आणि त्याबद्दल एक महिन्याचे भाडे ब्रोकरेज म्हणून घेईल. दुसऱ्या प्रकाराला तो ‘पूर्ण व्यवस्थापन’ म्हणतो. त्यात ब्रोकरेजखेरीज दरमहा भाड्याच्या आठ टक्के रक्कम त्याला द्यायची आणि त्याबदल्यात घराची सर्व जबाबदारी त्याने घ्यायची, असे ठरेल. त्यासाठी त्याने कुलमुखत्यारपत्राचा मसुदा पाठवला आहे. भाडे ठरवणे, लिव्ह अँड लायसन्स करारावर (ठरावीक मुदतीसाठी जागा वापरण्याचा परवाना देणाऱ्या करारावर) आमच्या वतीने सही करणे, अनामत रक्कम आणि मासिक भाडे त्याच्या खात्यात स्वीकारणे, दुरुस्तीचा खर्च त्यातून वळता करून उरलेली रक्कम आम्हाला पाठवणे, भाडेकरू बदलणे, हे सारे अधिकार त्यात आहेत. त्याच्या अंदाजाप्रमाणे भाडे २४,००० रुपये आणि अनामत १ लाख रुपये मिळेल.

दूर राहणाऱ्या माणसाला दुसरा प्रकार साहजिकच सोयीचा वाटतो. माणूस बोलायला सरळ आहे आणि सोसायटीतील आणखी काही घरे त्याच्याकडे आहेत. तरीही इतके अधिकार एका अनोळखी व्यक्तीला द्यावेत का, आणि द्यायचे नसतील तर एवढ्या अंतरावरून घर सांभाळायचे कसे, याबद्दल जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

प्रतिसाद : कोथरूडकर

वारजेकर, एजंट अवश्य नेमा, परंतु त्याच्याकडे पैसा आणि सही या दोन गोष्टी सोपवू नका. भाडेकरू शोधणे, घर दाखवणे, आलेल्या माणसांची प्राथमिक चौकशी करणे, करार नोंदवण्याच्या दिवशी सर्वांना एकत्र आणणे आणि पुढे प्लंबर-वायरमन पाठवणे ही त्याची कामे आहेत आणि ती तो तुमच्यापेक्षा चांगली करील. अनामत तुमच्या खात्यात यावी, भाडे तुमच्या खात्यात यावे आणि करारावर तुमची व पत्नीची सही असावी. आठ टक्के द्यायचे असतील तर देखरेखीच्या कामासाठी जरूर द्या. त्या कामाचे मोल आहे. मात्र ते तुम्ही त्याला पाठवा, त्याने ते तुमच्या भाड्यातून कापून घेऊ नये.

एवढे निक्षून सांगण्याचे कारण म्हणजे फसवणुकीची एक पद्धत मुंबई-पुण्यात वर्षानुवर्षे चालत आली आहे आणि तिला नेमका असाच मसुदा लागतो. एजंट मालकाला सांगतो की घर दरमहा चोवीस हजारांनी दिले आहे आणि तेवढी रक्कम तो काही महिने ठरल्या तारखेला मालकाच्या खात्यात भरतो. त्याच वेळी घरात राहायला आलेल्या कुटुंबाला तो ‘हेवी डिपॉझिट’ची योजना सांगतो, म्हणजे सात-आठ लाख रुपये एकरकमी द्या आणि दोन वर्षे भाडे न देता राहा. ते कुटुंब गावाकडची जमीन विकून किंवा दागिने गहाण ठेवून ती रक्कम उभी करते. एजंट त्याच रकमेतून मालकाला ‘भाडे’ पाठवत राहतो, अशी बरीच घरे गोळा करतो आणि एके दिवशी त्याचा फोन बंद होतो. मालकाला वाटते की भाडेकरूने भाडे थकवले. भाडेकरूला वाटते की मालक करार मोडून बाहेर काढतो आहे. दोघेही प्रामाणिक असतात आणि दोघांच्याही हातात कागद असतो, फक्त त्या कागदांवरचे आकडे वेगळे असतात. कुलमुखत्यारपत्रात अनामत स्वीकारण्याचा अधिकार दिलेला असेल, तर ‘ती रक्कम मला मिळालीच नाही’ असे म्हणून तुम्हाला सहज सुटताही येत नाही, कारण एजंटने तुमच्या वतीने आणि तुम्ही दिलेल्या अधिकारात केलेले कृत्य कायद्याने तुमचेच ठरते.

तुमचा एजंट तसा आहे, असे मला मुळीच म्हणायचे नाही. पण मसुदा असा हवा की माणूस कसाही निघाला तरी तुमचे आणि त्या भाडेकरूचे नुकसान होऊ नये. भाडेकरूशी करारापूर्वी स्वतः व्हिडिओ कॉलवर बोला आणि त्याला आठवणीने विचारा की अनामत किती ठरली आहे, भाडे किती आहे आणि एजंटला तो किती देतो आहे. या तीन उत्तरांवरून बरेच काही कळते.

खर्चाचा अंदाज करताना घरपट्टीही विसरू नका. पुणे महापालिका मालक स्वतः राहत असलेल्या निवासी घराला मिळकतकरात ४० टक्के सवलत देते. भाड्याने दिलेल्या घराला ती मिळत नाही. आजवर तुमच्या बिलात ती सवलत येत असेल, तर पुढचे बिल वाढेल हे धरूनच भाडे ठरवा.

प्रतिसाद : कलम वाचणारा

कोथरूडकरांनी व्यवहाराची बाजू मांडली आहे, मी कायद्याची बाजू थोडी सविस्तर लिहितो, कारण आपल्याकडे या बाबतीत जुन्या समजुती फार आहेत.

महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम ५५ नुसार जागा भाड्याने किंवा लिव्ह अँड लायसन्सने देण्याचा करार लेखी असला पाहिजे आणि नोंदणीकृतही असला पाहिजे. नोंदणीची जबाबदारी त्या कलमाने घरमालकावर टाकली आहे. ती पाळली नाही तर तीन महिन्यांपर्यंत कैद, पाच हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकते. त्याहून महत्त्वाची गोष्ट अशी, की नोंदणीकृत करार नसेल तर जागा कोणत्या अटींवर दिली होती याबाबत भाडेकरूचे म्हणणे खरे धरले जाते आणि ते खोटे असल्याचे सिद्ध करण्याचा भार मालकावर येतो. ‘अकरा महिन्यांचा करार केला की नोंदणी लागत नाही’ हा समज इतर काही राज्यांत चालत असेल, परंतु महाराष्ट्रात करार कितीही महिन्यांचा असला तरी नोंदणी लागतेच. त्यामुळे भाडेकरू चांगला असेल तर सरळ चोवीस महिन्यांचा करार करावा, दुसऱ्या वर्षी किती वाढ होणार ते त्यातच लिहावे आणि मधला एक खर्च व एक खेप वाचवावी, असे माझे मत आहे.

खर्च किती येतो तेही पाहा. अशा करारावरील मुद्रांक शुल्क ०.२५ टक्के आहे. ते काढताना संपूर्ण मुदतीचे भाडे धरतात आणि परत करायच्या अनामतीवर दरसाल दहा टक्क्यांनी होणारे व्याज त्यात मिळवतात. तुमच्या आकड्यांप्रमाणे चोवीस महिन्यांचे भाडे ५,७६,००० रुपये आणि एक लाखाच्या अनामतीवर दोन वर्षांचे व्याज २०,००० रुपये, अशी बेरीज ५,९६,००० रुपये होते. त्यावर शुल्क सुमारे दीड हजार रुपये येते. नोंदणी फी महापालिका हद्दीत १,००० रुपये आहे. यावर काम करून देणाऱ्याचा मोबदला आणि किरकोळ आकार लागतात. एजंट जेव्हा ‘अ‍ॅग्रीमेंटचा खर्च’ म्हणून एकच मोठा आकडा सांगतो, तेव्हा शासनाकडे भरलेली रक्कम आणि त्याचा मोबदला वेगवेगळे लिहून मागावेत. शासनाला भरलेल्या प्रत्येक रुपयाचे चलन मिळते.

आता कुलमुखत्यारपत्राबद्दल. नोंदणी व मुद्रांक विभागाच्या ई-नोंदणी सुविधेत आधार क्रमांक, बोटाचा ठसा आणि कॅमेऱ्यासमोरील छायाचित्र यांच्या आधारे लिव्ह अँड लायसन्सचा करार दुय्यम निबंधक कार्यालयात न जाता नोंदवता येतो. आपण दिवाळीत साताऱ्याला येणारच असाल, तर एक दिवस पुण्यात थांबून दोघांनी हे उरकणे सर्वांत सोपे. ते शक्य नसेल, तर पुण्यातील एखाद्या जवळच्या नातेवाइकाला मर्यादित कुलमुखत्यारपत्र द्यावे. त्यात हीच सदनिका, हाच भाडेकरू, हेच भाडे आणि हीच मुदत नमूद करावी, अधिकार केवळ सही करून नोंदणीस हजर राहण्यापुरता ठेवावा आणि रक्कम स्वीकारण्याचा अधिकार दिलेला नाही हे स्पष्ट लिहावे. सदनिका संयुक्त नावावर असल्यामुळे आपल्या पत्नीचीही सही किंवा त्यांचे वेगळे अधिकारपत्र लागेल, हे एजंटच्या मसुद्यात आहे का ते पाहा.

एजंट हा आपला कायदेशीर प्रतिनिधी असतो, आणि भारतीय करार अधिनियम, १८७२ मध्ये प्रतिनिधीची कर्तव्ये लिहिलेली आहेत. मागणी केल्यावर योग्य हिशेब देणे (कलम २१३), मालकाच्या वतीने मिळालेली रक्कम मालकाला देणे (कलम २१८), मालकाला न कळवता त्या व्यवहारात स्वतःचा फायदा केल्यास तो फायदा मालकाने मागितल्यावर त्याच्या हवाली करणे (कलम २१६). पुष्कळ मालकांना ही कलमे ठाऊक नसतात, म्हणून ते प्लंबरच्या बिलाची पावती मागायलाही संकोचतात. एजंटशी होणारा करारही लेखी असू द्या आणि त्यात या तिन्ही गोष्टी साध्या मराठीत उतरवून घ्या.

काहीजण ‘एजंट महारेरात नोंदलेला आहे का ते पाहा’ असे सांगतात. महारेराकडे, म्हणजे राज्याच्या स्थावर संपदा नियामक प्राधिकरणाकडे, एजंटांची जी नोंदणी होते, ती प्रकल्पांतील भूखंड व सदनिकांच्या विक्रीच्या व्यवहारांसाठी आहे. केवळ भाड्याचे व्यवहार करणाऱ्याकडे ती नसेल तर तेवढ्यावरून तो अविश्वासू ठरत नाही, आणि ती असली म्हणजे भाड्याच्या व्यवहारात आपल्याला वेगळे संरक्षण मिळते असेही नाही.

प्रतिसाद : सिंहगड रस्ता, एजंट

मी स्वतः भाड्याच्या व्यवहारांचे काम करतो. वर लिहिलेली फसवणुकीची पद्धत खरी आहे आणि तिच्यामुळे आमच्या व्यवसायातील सरळ माणसांचे नाव खराब होते, याचे मला मनापासून वाईट वाटते. भाडे आणि अनामत थेट मालकाच्या खात्यात जावी, हेच बरोबर आहे. माझ्या कामात टोकनसुद्धा मी मालकाच्या खात्यात भरायला सांगतो, कारण टोकन माझ्याकडे राहिले आणि पार्टी फिरली तर पुढचा सगळा वाद माझ्या दारात येतो.

परंतु दूर राहणाऱ्या मालकांनी एजंटचीही बाजू समजून घ्यावी अशी विनंती आहे. एकच घर पाच जणांकडे दिले जाते. एक जण बावीस हजार सांगतो, दुसरा सव्वीस, आणि चौकशीला आलेल्या कुटुंबाला वाटते की या घरात काहीतरी गडबड आहे. घर एकालाच द्यावे, पण मुदत घालून द्यावे. ‘तीस दिवसांत भाडेकरू आला नाही तर मी इतरांना देण्यास मोकळा’ एवढे एक वाक्य पुरते. ब्रोकरेज केव्हा देय होईल तेही लिहावे. माझ्या मते ते करार नोंदला गेल्यावर द्यावे, त्याआधी नव्हे. मी दोन्ही पक्षांकडून एकेक महिन्याचे भाडे घेतो आणि हे दोघांनाही पहिल्याच भेटीत सांगतो. पुण्यात ही पद्धत रूढ आहे, पण ती लपवली की संशय येतो.

नूतनीकरणाच्या वेळी पुन्हा ब्रोकरेज मागितले जाते, त्यावरही खूप वाद होतात. भाडेकरू तोच, घर तेच आणि मालक-भाडेकरू थेट बोलून मुदत वाढवत असतील, तर एजंटने करार करून देण्याच्या श्रमापलीकडे काही मागू नये. आमच्यातल्या काहींना हे पटणार नाही, तरी मी हेच मानतो. उलट बाजूने, आम्ही आणलेल्या भाडेकरूला परस्पर फोन करून ‘एजंटला नको सांगू, तेवढे भाडे कमी करतो’ असे म्हणणारे मालकही आहेत. घर बंद असताना किल्ली घेऊन रोज संध्याकाळी लोकांना तीन मजले चढून घर दाखवण्यात जी मेहनत जाते, तिचा तो अवमान आहे.

वारजेकरांना माझा सल्ला असा, की भाडेकरू शोधण्याचे काम आणि देखरेखीचे काम यांचे दोन वेगळे करार करावेत. देखरेखीसाठी आठ टक्के म्हणजे महिन्याला १,९२० रुपये होतात. एवढ्या रकमेत एजंट महिन्यातून एकदा घरी जाईल का, दुरुस्तीच्या वेळी स्वतः हजर राहील का, सोसायटीच्या नोटिसा तुम्हाला पाठवील का, हे विचारून घ्या. ‘सर्व काही पाहीन’ हे उत्तर स्वीकारू नका. किती रुपयांपर्यंतची दुरुस्ती त्याने न विचारता करावी याची मर्यादा ठरवा, त्यावरच्या खर्चाला फोटो आणि तुमची लेखी संमती हवी.

प्रतिसाद : म्युनिकहून

या चर्चेत एक उपप्रश्न विचारतो. माझी सदनिकाही पुण्यातच आहे आणि मी गेली काही वर्षे जर्मनीत नोकरी करतो. माझ्या होणाऱ्या भाडेकरूला कोणीतरी सांगितले आहे की भाडे पन्नास हजारांच्या आत असल्याने टीडीएसचा, म्हणजे भाडे देतानाच त्यातून प्राप्तिकर कापण्याचा, प्रश्न येत नाही. माझे भाडे ३०,००० आहे. हे बरोबर आहे का?

प्रतिसाद : कलम वाचणारा

म्युनिकहून, आपल्या बाबतीत ते बरोबर नाही. महिना पन्नास हजारांहून अधिक भाडे असेल तरच व्यक्तिगत भाडेकरूने कर कापायचा, हा नियम भारतात निवासी असलेल्या मालकाला लागू आहे. त्याचा दर ऑक्टोबर २०२४ पासून २ टक्के आहे. मालक अनिवासी असेल तर अशी किमान मर्यादा नाही. भाडे कितीही असले तरी भाडेकरूने कर कापायचा असतो, आणि दर ३० टक्के अधिक उपकर, म्हणजे ३१.२ टक्के होतो. त्यासाठी भाडेकरूला टॅन क्रमांक (कर कापणाऱ्याला मिळणारा ओळख क्रमांक) काढावा लागतो आणि तिमाही विवरणपत्र भरावे लागते. सामान्य कुटुंबाला हा मोठा व्याप वाटतो आणि कित्येकदा एजंट व्यवहार अडू नये म्हणून दोघांनाही हे सांगत नाही. पुढे नोटीस मात्र भाडेकरूला येते, कारण कर कापण्याची जबाबदारी त्याची असते. म्हणून हे करारापूर्वीच सांगणे आपले कर्तव्य समजावे. आपले भारतातील एकूण उत्पन्न कमी असेल तर कमी दराने कपात व्हावी यासाठी प्राप्तिकर विभागाकडून दाखला घेता येतो. भाडे आपल्या एनआरओ खात्यात (अनिवासी भारतीयांच्या रुपयातील बँक खात्यात) यावे.

वारजेकर निवासी असल्याने आणि त्यांचे भाडे मर्यादेच्या आत असल्याने त्यांच्या भाडेकरूला यातले काही करावे लागणार नाही. स्वतःच्या विवरणपत्रात मात्र भाड्याचे उत्पन्न दोघा सहमालकांनी आपापल्या हिश्श्याप्रमाणे दाखवावे. मालकाने भरलेली घरपट्टी वजा करून उरलेल्या रकमेवर ३० टक्के प्रमाणित वजावट मिळते. दुरुस्ती, देखरेखीचे आठ टक्के वगैरे खर्च त्या ३० टक्क्यांतच आले असे धरले जाते, त्यांची वेगळी वजावट मागता येत नाही.

प्रश्नकर्ता : वारजेकर

सर्वांचे मनापासून आभार. आपल्या सूचना मी एजंटला कळवल्या. अनामत आणि भाडे थेट आमच्या खात्यात यावे हे त्याने मान्य केले नाही, मात्र त्याऐवजी नवा प्रस्ताव ठेवला. त्याचे म्हणणे असे, की करार त्याच्याच नावाने करावा, तो दरमहा २२,००० रुपये घर भरलेले असो वा रिकामे, नियमाने देईल आणि त्या घरात तो नोकरदार मुलांना ठेवील. कुलमुखत्यारपत्राची गरजच राहणार नाही आणि नोंदणीकृत करारही होईल, असे तो म्हणतो. यात दोन हजार रुपये कमी मिळत असले तरी पैशांची निश्चिती आहे असे पत्नीला वाटते. यात काही धोका आहे का? तसेच सोसायटीचे सचिव बिगर-भोगवटा शुल्क (मालक स्वतः घरात राहत नसल्याबद्दलचे शुल्क) म्हणून महिना दीड हजार रुपये मागत आहेत, ते योग्य आहे का?

प्रतिसाद : कलम वाचणारा

आधी सोसायटीचे पाहू. सहकारी गृहनिर्माण संस्थेला बिगर-भोगवटा शुल्क सेवा शुल्काच्या दहा टक्क्यांपेक्षा अधिक आकारता येत नाही. राज्य शासनाने १ ऑगस्ट २००१ रोजी सहकारी संस्था अधिनियमाच्या कलम ७९-अ खाली तसा आदेश काढला आहे, आणि ही टक्केवारी काढताना महापालिकेचे कर धरायचे नसतात. आपल्या बिलात सेवा शुल्क २,५०० रुपये असेल तर हे शुल्क २५० रुपये होईल. सचिवांना त्या आदेशाचा उल्लेख करून नम्रपणे पत्र द्यावे. मात्र आपली इमारत सहकारी संस्था आहे की १९७० च्या अपार्टमेंट मालकी अधिनियमाखालची अपार्टमेंट आहे, हे आधी पाहावे. पुण्यात दुसऱ्या प्रकारच्या इमारती पुष्कळ आहेत आणि हा आदेश सहकारी संस्थांसाठी आहे.

आता एजंटचा नवा प्रस्ताव. हा पहिल्यापेक्षा अधिक काळजीचा आहे. लिव्ह अँड लायसन्समधला परवाना ज्याला दिला त्याच्यापुरता असतो, परवानाधारकाला तो दुसऱ्याकडे हस्तांतरित करता येत नाही, हे भारतीय सुविधाधिकार अधिनियम, १८८२ च्या कलम ५६ मधील तत्त्व आहे. आपल्या करारात एजंट हा परवानाधारक असेल आणि घरात प्रत्यक्ष राहणारी मुले कोण, किती, त्यांनी एजंटला किती रक्कम दिली, यांपैकी काहीही त्या करारात येणार नाही. भाडे नियंत्रण अधिनियमाच्या कलम २४ चे मोठे संरक्षण मालकाला आहे. मुदत संपल्यावर परवानाधारकाने जागा सोडली नाही तर सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करता येतो, लेखी करारातील मजकूर हा निर्णायक पुरावा मानला जातो आणि ताबा मिळेपर्यंत ठरलेल्या शुल्काच्या दुप्पट दराने नुकसानभरपाई मागता येते. या तरतुदी तेव्हाच नीट उपयोगी पडतात, जेव्हा घरात राहणारा माणूस आणि करारातला माणूस एकच असतो. येथे आपण अर्ज एजंटविरुद्ध कराल आणि ज्यांचे नाव-गाव आपल्याला ठाऊक नाही अशी चार-पाच मुले घरात असतील. त्या मुलांनी एजंटला अनामत दिलेली असेल आणि ती परत मिळाल्याशिवाय घर सोडायला ती तयार होणार नाहीत. त्यांचेही त्यात काही चुकत नसेल.

भाडेकरूंची माहिती पोलिसांना कळवण्याचा प्रश्नही आहेच. शहरात असा आदेश लागू असतो तेव्हा माहिती देण्याची जबाबदारी मालकाची असते. पूर्वी हे आदेश फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १४४ खाली निघत. जुलै २०२४ पासून ते भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १६३ खाली निघतात आणि न पाळल्यास भारतीय न्याय संहितेच्या कलम २२३ नुसार गुन्हा होतो. राहणाऱ्यांची नावेच ठाऊक नसतील तर आपण काय कळवणार? नोकरदार मुलांना घर देण्यात गैर काही नाही, उलट ती वेळेवर भाडे देतात असाच पुष्कळांचा अनुभव आहे. पण मग त्या सर्वांना करारात परवानाधारक म्हणून नावाने घ्यावे.

प्रतिसाद : कोथरूडकर

वारजेकर, पैसे थेट तुमच्या खात्यात यावेत ही साधी अट ज्याला मान्य नाही, त्याच्याशी पुढची बोलणी थांबवावीत असे मी स्पष्टपणे सुचवतो. सिंहगड रस्त्यावरच्या प्रतिसादकांसारखे काम करणारी माणसे तुमच्या भागातही आहेत. सोसायटीतील ज्या मालकांची घरे या एजंटकडे आहेत, त्यांच्याशीही एकदा बोला आणि त्यांच्या घरांत नेमके कोण राहते हे त्यांना माहीत आहे का, ते विचारा. त्यांना माहीत नसेल तर तुमच्या फोनमुळे त्यांचेही भले होईल.

वहिनींना निश्चित उत्पन्न हवे आहे, ही अपेक्षा रास्त आहे. तिच्यासाठी करारातच सहा महिन्यांचा लॉक-इन काळ, म्हणजे करार मध्येच सोडता न येण्याचा काळ, ठेवा, त्यानंतर दोन्ही बाजूंनी एक महिन्याची नोटीस ठेवा आणि अनामतीतून काय कापले जाईल ते आधीच लिहा. घर सोडताना रंगकामावरून सर्वाधिक कटुता येते. भिंती नेहमीच्या वापराने मळल्या तर त्याचा खर्च मालकाचा, की ठरावीक रक्कम भाडेकरूची, हे एका ओळीत लिहिले की पुढचा वाद मिटतो.

ताबा देण्याच्या दिवशी तुम्ही पुण्यात असाल तर दोन तास काढा आणि रिकाम्या घराचा व्हिडिओ भाडेकरूबरोबर फिरून करा. महावितरणच्या मीटरवरचा आकडा आणि मीटर क्रमांक एकाच फोटोत येऊ द्या, कारण एका मजल्यावरच्या चार मीटरमध्ये आपले कोणते यावरूनच पुढे घोळ होतात. बाथरूममध्ये बादलीभर पाणी ओतून ते जाळीतून किती वेळात उतरते ते पाहा आणि खालच्या मजल्यावर जाऊन त्यांच्या छताला ओल आहे का तेही पाहा. आज ओल असेल तर ती तुमची आहे, उद्या दिसली तर कोणाची यावर वाद होईल. गीझर चालू करून पाणी तापेपर्यंत थांबा. स्वयंपाकघरातील ट्रॉल्या एकेक ओढून पाहा, सिंकखालच्या पाइपला हात लावून पाहा. ही सगळी यादी करून त्यावर दोघांच्या सह्या घ्या आणि ती कराराला परिशिष्ट म्हणून जोडा.

वीजबिलाचा ग्राहक क्रमांक तुमच्या मोबाइलला जोडलेला असू द्या, म्हणजे थकलेले बिल बेंगळुरूहूनही तुम्हाला त्याच महिन्यात कळेल. पाइप गॅसचेही तसेच करा. किल्ल्यांचा एक जोड सोसायटीतील एखाद्या विश्वासू शेजाऱ्याकडे बंद पाकिटात ठेवा, पण भाडेकरूला न सांगता घर उघडायचे नाही हे एजंटला आणि शेजाऱ्याला दोघांनाही बजावून सांगा, कारण करार सुरू झाला की ते त्या कुटुंबाचे घर असते.

प्रश्नकर्ता : वारजेकर

आपल्या सर्वांच्या सूचनांप्रमाणे त्या एजंटला आम्ही नम्रपणे नकार कळवला आहे. सोसायटीतील एका मालकांशी बोलणे झाले. त्यांच्या घरातील भाडेकरूंचे नाव त्यांनाही सांगता आले नाही, ते या आठवड्यात स्वतः पुण्याला जात आहेत. आम्ही दिवाळीत येऊ तेव्हा करार, यादी आणि पोलिसांकडील नोंद एकाच फेरीत करणार आहोत. केवळ भाडेकरू शोधण्याचे काम घेणारा दुसरा एजंट मिळाला असून त्याने तीस दिवसांची मुदत, करार नोंदल्यावरच ब्रोकरेज आणि पैसे थेट आमच्या खात्यात, या तिन्ही अटी लेखी मान्य केल्या आहेत. इमारत सहकारी संस्थाच आहे, तेव्हा सचिवांना शुल्काबद्दलचे पत्र आजच पाठवतो.